दुसऱ्या क्रमांकाची मोकळी जागा

२ जून २०२० ला वर्णद्वेषाचा निषेध म्हणून मीही इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला होता. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचा जीव जाऊन आठवडा झाला होता. खाली ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरचा हॅशटॅग चिकटवला आणि मोठं काम केल्यासारखी कुकर लावायला गेले. रात्री तोच हॅशटॅग उघडला, तर अंगठा दुखेपर्यंत नुसते काळे चौकोन. निदर्शनांची माहिती, मदतीचे पत्ते, सगळं खाली गाडलं गेलेलं. कृष्णवर्णीय कार्यकर्ते विनवत होते, बाबांनो, चौकोनाला हा हॅशटॅग लावू नका. साथ द्यायला गेलो आणि त्यांचाच आवाज बुजवून आलो.

अमेरिकेतल्या माझ्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या पोस्टीही तेव्हा वाचल्या. मी किती हादरलोय, मी किती शिकतोय. मी, मी आणि मी. त्यापेक्षा एखाद्या कृष्णवर्णीयाने लिहिलेलं, वर स्वतःची प्रस्तावना न जोडता, जसंच्या तसं पुढे पाठवलं असतं तर?

तेव्हापासून पीटर नॉर्मन डोक्यात बसलाय. मेक्सिको सिटी ऑलिम्पिक, १९६८, २०० मीटर धावणे. टॉमी स्मिथ पहिला, जॉन कार्लोस तिसरा, दोघे कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि दोघांच्या मधे घुसून रौप्यपदक नेणारा हा गोरा ऑस्ट्रेलियन. तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. पदकं घेताना वर्णद्वेषाच्या निषेधात काळ्या हातमोज्यांतल्या दोन मुठी वर, माना खाली. पुढे उभ्या असलेल्या गोऱ्याकडे आपली नजर जातच नाही, आणि मला तेच आवडतं. त्याने मूठ उगारली नाही. त्या दोघांच्या छातीवर मानवी हक्क चळवळीचा बिल्ला होता, तसाच एक अमेरिकेच्या रोइंग संघातल्या पॉल हॉफमनकडून घेऊन त्याने लावला, बस. कार्लोस हातमोजे विसरला होता, तेव्हा एकच जोडी वाटून घ्या हेही त्यानेच सुचवलं. म्हणून तर एकाचा उजवा हात वर आहे, दुसऱ्याचा डावा!

२००६ मध्ये तो गेला, तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस मेलबर्नला आले. मायदेशी परतल्यावर त्याला मिळालेल्या वागणुकीबद्दल ऑस्ट्रेलियाच्या संसदेने माफी मागितली ती २०१२ मध्ये. असो.

ते दोघे शिकले त्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात २००५ मध्ये त्यांचा पुतळा बसला. दुसऱ्या क्रमांकाची जागा मोकळी आहे. नॉर्मनचीच तशी इच्छा होती, तिथे कुणालाही उभं राहता यावं म्हणून.

माझा भाचा तिथे शिकतो. परवा त्याने त्याच जागेवरचा फोटो पाठवला. मूठ वर, चेहरा गंभीर.

मी लिहिलं, "अरे, नॉर्मनचे हात खाली होते."

उत्तर आलं, "मावशी, मग फोटोत काय दिसणार?"