परदेशातून : फलकावर एकच तारीख का?

दिवाळी झाली, सोलापूरच्या नवी पेठेतले फलक उतरले, तरी आमच्या तिथल्या शाळेच्या ग्रुपवरचा वाद काही संपत नाही. क्रेडिट कार्डाच्या 'फक्त तीन दिवस'वाल्या ऑफरी ग्राहकाला फसवतात का, हा वादाचा विषय. एक बाजू म्हणते, बिल आल्यावर डोळे पांढरे होतात, मग ही फसवणूक नाही तर काय? दुसरी म्हणते, तारीख हातभर अक्षरात लिहिली होती, अटी छापल्या होत्या, वाचायला काय झालं होतं? इथवर समजू शकते. पण पाठोपाठ हमखास येतं ते वाक्य: "अमेरिकेत बघा, लोक वाचून सही करतात, म्हणून तिकडे असलं काही होत नाही." हे वाचलं की माझं डोकं फिरतं.

इथे न्यू जर्सीत अटी वाचत कोणी बसत नाही. लेबर डेच्या सेलला गादी घेणारा माणूस काउंटरवरच्या स्क्रीनवर बोटाने सही करतो आणि पाच मिनिटांत गाडीत असतो. काय छापायचं आणि केवढ्या अक्षरात छापायचं, हे इथे बँकेच्या मर्जीवर सोडलेलं नाही, एवढाच काय तो फरक. १९८८ च्या कायद्यापासून कार्डाच्या अर्जासोबत दर आणि शुल्कांचा एक ठरावीक तक्ता द्यावा लागतो. अमेरिकी खासदार चक शूमर यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात खरेदीवरचा वार्षिक व्याजदर किमान १६ पॉइंटच्या टाइपात हवा, असं नियमच सांगतो. घाईत असलेल्या माणसालाही तो आकडा दिसतो. वाचनाची गोडी वगैरे त्यामागे काही नाही.

आणि तरीही इथे लोक अडकतात. दुकानांच्या कार्डावर 'बारा महिन्यांत पूर्ण फेडल्यास व्याज नाही' अशी ऑफर असते. समजा २,४०० डॉलरचा सोफा घेतला आणि महिन्याला १९५ डॉलर भरत गेलात. बारा हप्त्यांचे होतात २,३४०. राहिले ६०. साधी शून्य टक्क्यांची ऑफर असती तर पुढे फक्त त्या ६० डॉलरवर व्याज लागलं असतं. इथे मात्र पहिल्या दिवसापासूनचं व्याज पडद्यामागे साठत असतं आणि मुदत उलटली की सगळं एकदम बिलावर येतं. दर वार्षिक ३० टक्के धरला तर चारशे डॉलरच्या आसपास. साठ डॉलर चुकले म्हणून चारशे!

ही ऑफर इथे कायदेशीर आहे, हे मी लपवणार नाही. पण २००९ च्या कार्ड कायद्याने तिच्याभोवती कुंपण घातलं. प्रमोशनचा दर किमान सहा महिने टिकलाच पाहिजे. मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या दोन बिलांच्या काळात किमान रकमेपेक्षा जास्त भरलेला पैसा आधी याच खरेदीकडे वळवावा लागतो. आणि कुठल्या तारखेपर्यंत पूर्ण फेडायचं, ती तारीख बिलावर छापावी लागते.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या मुद्द्यावर येऊन थांबतं. प्रत्येक ऑफरीत दोन तारखा असतात. एक घाईची: रविवारी रात्री बारापर्यंत घ्या. दुसरी व्याजाची: अमक्या दिवसापर्यंत पूर्ण भरलं नाहीत तर दर लागू. फलकावर पहिलीच असते. ग्रुपवर ऑफरींची वकिली करणारे म्हणतात, "तारीख तर लिहिली होती ना!" कुठली लिहिली होती, ते त्यांनी सांगावं.

आता आपल्याकडचा चाळीस हजारांचा टीव्ही घेऊ. फलक म्हणतो १० टक्के सूट. खाली बारीक अक्षरात 'कमाल १,५०० रुपये'. म्हणजे पंधरा हजारांच्या पुढे सूट वाढतच नाही. चाळीस हजारांवर ती पावणेचार टक्के झाली. खरेदी १ तारखेला, बिल १५ ला, भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५. त्या दिवशी किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये भरले. बऱ्याच जणांना वाटतं, आता व्याज लागलं तर उरलेल्या ३८ हजारांवर, आणि तेही आजपासून. तसं होत नाही. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि खरेदीच्या तारखेपासून मोजणी सुरू होते. महिना ३.७५ टक्के दराने चाळीस हजारांचं ३५ दिवसांचं व्याज १,७२६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३११. दोन हजार गेले. सूट मिळाली होती दीड हजार. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही, मग ते किराणा सामान का असेना, बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

'नो कॉस्ट ईएमआय'चंही तेच. २४ हजारांचा फोन, चार हजारांचे सहा हप्ते. दर १६ टक्के असेल तर बँक मुद्दल धरते सुमारे २२,९१८ आणि व्याज १,०८२. तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी देते, म्हणून बेरीज बरोबर २४ हजार येते. पण व्याजावरचा जीएसटी १९५ रुपये ग्राहकाचाच. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तिच्यावरही जीएसटी. मिळून ४३० रुपये जातात, आणि रोखीने घेतला असता तर दुकानदाराने जे कमी केलं असतं ते वेगळंच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. २०२२ च्या निर्देशांत तर स्पष्ट आहे: हप्ते करण्याआधी मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवा, आणि व्याज असलेला हप्ता बिनव्याजी म्हणून खपवू नका. प्रत्यक्षात काय होतं? दुकानदार मशीन स्वतःकडे वळवतो, महिने निवडतो, हिरवं बटण दाबतो. थर्मल कागदाची वीतभर पट्टी बाहेर येते. त्यावर दर असतो, पण सही मागायला पेन आधी पुढे आलेलं असतं. त्या क्षणी पट्टी हातात घेऊन दर, फी आणि पहिल्या हप्त्याची तारीख मोठ्याने वाचायला लावा. सही नंतर.

मुदतीची ऑफर वाईटच, असं मी म्हणत नाही. गड्ड्याच्या जत्रेत शेवटच्या दिवसांत भाव उतरतात, हे सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथली मुदत खरी असते, कारण त्यानंतर जत्रेचं होम मैदान रिकामं होतं. रविवारी संपलेली कार्डाची ऑफर गुरुवारी दुसऱ्या नावाने परत येते, तेव्हा ती मुदत खोटी असते. अशा खोट्या घाईला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ 'डार्क पॅटर्न'च्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या क्लृप्त्यांच्या, यादीत घातलं आहे.

आणि भाषा! ज्या गावात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारही एकाच गल्लीत ऐकू येतात, तिथे फलक मराठीत आणि अटी इंग्रजीत. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दावा ज्या भाषेत आणि ज्या टाइपात, खुलासाही त्याच भाषेत आणि टाइपात हवा. मराठीत तर हे आणखी जपायला हवं. इंग्रजीत अट सांगायला निदान एक वेगळा शब्द लागतो. आपल्याकडे अख्खी अट 'भरल्यास'मधल्या 'ल्यास'मध्ये मावते. तो 'ल्यास' बारीक छापला की उरतं फक्त 'व्याज शून्य'. मग वाचायला काय झालं होतं, हा प्रश्न आधी फलक छापणाऱ्याला विचारा.

"तिकडे बसून बोलायला तुला काय जातं," असंही ग्रुपवर म्हणून झालं. बरोबर आहे, माझ्या खिशातून काही जात नाही. खरं सांगायचं तर इथल्या सोफ्याच्या जाहिरातीवर मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. दिसली की पुढे जाते. सोलापूरच्या चाटी गल्लीजवळच्या फलकाचा फोटो आला की मात्र रात्री अकराला हिशेब मांडत बसते. इतकी वर्षं इथे कर भरून राग मात्र तिकडच्याच गोष्टींचा येतो.

म्हणून ज्यांची बिलं आली आहेत त्यांनी आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. जाहिरातीबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. सोबत फलकाचा फोटो, मशीनची पट्टी आणि बिलाची दोन्ही पानं हवीत. थर्मल कागद काही काळाने पुसट होतो, तेव्हा पट्टीचा फोटो आजच काढा. आणि अटींचं इंग्रजी अडलं तर ग्रुपवर टाका. मराठी करून द्यायचं काम माझं.