फोल्डर उडवण्याआधी स्टेटस वाचा

सबमिशन जवळ आलं की नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. या महिन्यात चार जणांनी तो मला पाठवला आणि विचारलं, "दादा, हे बरोबर आहे ना?" मेसेज असा: "गिटच्या कमांड शिकत बसू नका. ॲड डॉट, कमिट, पुश, एवढ्या तीन पुरे. कॉन्फ्लिक्ट आला तर फोल्डर डिलीट करून पुन्हा क्लोन करा. बाकी सगळं एडिटरच्या बटणांनी होतं. कोड गिटहबवर आहे, म्हणजे बॅकअप आहेच."

बरोबर नाही. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, आणि गिटहब म्हणजे तो कोड ऑनलाइन ठेवायची साइट. ॲड म्हणजे बदल नोंदीसाठी निवडणं (स्टेजवर ठेवणं), कमिट म्हणजे ती नोंद करणं, पुश म्हणजे कमिट सर्व्हरवर पाठवणं, पुल म्हणजे तिथून आणणं, क्लोन म्हणजे सगळी प्रत उतरवून घेणं. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली की कॉन्फ्लिक्ट येतो. यातला फोल्डर डिलीट करण्याचा सल्ला सगळ्यात घातक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात संध्याकाळी काही मुलं प्रोजेक्टच्या अडचणी घेऊन येतात. त्यातली दोघं द्राक्षबागेच्या फवारणीची नोंद ठेवणारं ॲप करत होती. एका रविवारी त्यातल्या निफाडच्या मुलाचा फोन आला. "दादा, फोल्डर उडवलं, नवीन क्लोन घेतलं, पण माझं तीन दिवसांचं काम दिसतच नाहीये." त्याच्या सात कमिट पुश व्हायच्या राहिल्या होत्या. जोडीदाराने आधी पुश केलं होतं, म्हणून याचं पुश नाकारलं गेलं. मग त्याने पुल केलं, कॉन्फ्लिक्ट आला आणि त्याला तो मेसेज आठवला. रिसायकल बिनमध्येही काही उरू नये अशा पद्धतीने त्याने फोल्डर काढून टाकलं.

त्या फोल्डरमध्ये 'डॉट गिट' नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं. सगळ्या कमिट, सगळ्या ब्रँच (कामाच्या वेगवेगळ्या शाखा), स्टॅशमध्ये बाजूला ठेवलेलं काम, सगळं तिथे असतं. क्लोन केल्यावर फक्त सर्व्हरवर पोचलेलं परत येतं. शिवाय रिफ्लॉग असतो. तुम्ही कुठून कुठे गेलात याची ती नोंद आहे. चुकून रीसेट हार्ड केलं, म्हणजे सगळं जुन्या कमिटवर परत नेलं, तरी हरवलेली कमिट रिफ्लॉगमधून काढता येते. ब्रँचवरून सुटलेल्या कमिटची नोंद गिट एरवी ३० दिवस सांभाळतं, बाकीच्या नोंदी ९० दिवस. कमिट न केलेले बदल मात्र त्यातूनही मिळत नाहीत. फोल्डर उडवलं की ही सगळी सोय त्याच्याबरोबर जाते. त्या मुलाला सगळं पुन्हा लिहायला चार दिवस लागले.

आणि कॉन्फ्लिक्ट होता केवढा? एका ओळीचा. एका औषधाची शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, हा आकडा याने ३० केला होता आणि जोडीदाराने ४५. फाइलमध्ये वर सात बाणांसारखी चिन्हं आणि 'हेड' (म्हणजे स्वतःची बाजू), त्याखाली याची ओळ, मग बरोबरच्या चिन्हांची रेघ, तिच्याखाली जोडीदाराची ओळ. गिटला यातलं खरं कुठलं ते कळत नाही, म्हणून ते तुम्हाला विचारतं. उत्तर औषधाच्या लेबलवर असतं. लेबल बघायचं, बरोबर ओळ ठेवायची, चिन्हं काढायची, ॲड करायचं, कमिट करायचं. गोंधळ वाटला तर 'गिट मर्ज' (दोन्ही बाजू जोडणारी कमांड) ला 'अबॉर्ट' जोडायचं. मर्जच्या आधी सगळं कमिट केलेलं असेल तर होतं तसं परत येतं. नवीन क्लोनमध्ये ४५ गुपचूप बसला आणि तो तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. फवारणीच्या वहीत असा आकडा चुकला तर बागायतदाराचा माल अडकतो.

आता त्या तीन कमांड. ॲड डॉट म्हणजे या फोल्डरात बदललेलं सगळं घे. त्यात पासवर्ड आणि चाव्या असलेली 'डॉट एन्व्ही' फाइलही आली. नंतर गिटइग्नोअरमध्ये (गिटने कुठल्या फाइली सोडायच्या याची यादी) तिचं नाव टाकून उपयोग होत नाही, कारण आधीच नोंदलेली फाइल गिट पाहतच राहतं. तिला 'गिट आरएम' ला 'कॅश्ड' जोडून नोंदीतून काढावं लागतं, आणि तरीही जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. म्हणून चावी बाहेर गेली असेल तर सगळ्यात आधी चावी बदला. हे टाळायला ॲडच्या आधी 'गिट स्टेटस' (काय बदललंय आणि काय राहिलंय ते सांगणारी कमांड) आणि कमिटच्या आधी 'गिट डिफ' (बदललेल्या ओळी दाखवणारी कमांड) ला 'स्टेज्ड' जोडून बघा. नुसतं डिफ स्टेजवर गेलेले बदल दाखवत नाही, इथे बरेच जण फसतात. फाइलमधले बदल टाकून द्यायला रिस्टोअर आहे. ती कमांड २०१९ मध्ये २.२३ या आवृत्तीत आली. त्याआधी हे काम आणि ब्रँच बदलणं, दोन्ही चेकआउटकडे होतं, म्हणून जुन्या नोट्समध्ये तीच दिसते.

बटणं जरूर वापरा, मीही वापरतो. कॉन्फ्लिक्टच्या दोन बाजू एडिटरमध्ये छान दिसतात. पण 'सिंक' चं एक बटण पुल आणि पुश दोन्ही करतं. मध्येच अडलं तर नक्की कुठे अडलं हे कळायला त्या दोन्ही कमांड ठाऊक हव्यात. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुरून जोडायच्या सोयीने) शिरलात की समोर फक्त टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी असते.

राहिला बॅकअप. गिट आणि गिटहब एक नव्हेत. लिनक्स कर्नलसाठी वापरात असलेल्या बिटकीपर या अशाच प्रोग्रामची फुकट सोय बंद झाली, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. गिटहब आलं २००८ मध्ये. कमिटला इंटरनेट लागत नाही, ती तुमच्या लॅपटॉपवर होते आणि पुश होईपर्यंत तिथेच राहते. किती कमिट पुश व्हायच्या आहेत हे स्टेटस सांगतं. निफाडच्या त्या मुलाने शनिवारी रात्री स्टेटस टाइप केलं असतं तर पहिल्या दोन-तीन ओळींतच दिसलं असतं: तुझ्या ब्रँचवर सात कमिट अशा आहेत, ज्या सर्व्हरवर नाहीत.