पात्रांव, परदेशी शेफ हवा ना?

गोव्यात चतुर्थीला गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरली, की पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या हॉटेलवाल्यांना एकच स्वप्न पडू लागते: यंदा सीझनला आपल्या किचनात जपानी नाहीतर इटालियन शेफ. पात्रांव, अहो मालक, तुम्ही मात्र घाई करू नका. ऑक्टोबर उजाडू दे, पर्यटकांचे पहिले चार्टर विमान उतरू दे, मग फाईल उघडा. कागद जमवायला पावसाळ्याचे चार महिने होते, पण तेव्हा तुम्ही छप्पर शाकारत होता.

पहिला मार्ग अर्थातच टुरिस्ट व्हिसाचा. माणूस बोलवा, एप्रन बांधा आणि ‘मागाहून बघू’ म्हणा. टुरिस्ट व्हिसाचा एम्प्लॉयमेंट व्हिसा इथे बसून करून मिळत नाही, हे त्याला मोरजीच्या वाळूत दोन बियर झाल्यावर सांगितले तर तितकेसे मनाला लागत नाही. वर ‘काठमांडूला जाऊन शिक्का मारून ये’ असा सल्लाही द्या. एम्प्लॉयमेंट व्हिसा त्याच्या मायदेशातल्या भारतीय वकिलातीतून मिळतो, किंवा ज्या देशात तो दोन वर्षांहून जास्त काळ कायमचा राहतोय तिथून. काठमांडूतून मिळत नाही. पण पशुपतीनाथ बघून होतो. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात व्हिसाच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ते त्याचे झाले. तुमचे काय, ते वकील सांगेल, फी घेऊन.

तरीही कुणाला रीतसर जायची खाज असेल, तर यादी फार मोठी नाही. कंपनीचा नोंदणी दाखला, पॅन, जीएसटी, रिटर्न आणि ताळेबंद, नेमणूकपत्र, सही झालेला करार, शेफचा बायोडेटा आणि प्रमाणपत्रे, त्याच्या कराची हमी, आणि हाच माणूस का हवा याचे पत्र. प्रमाणपत्र रशियन लिपीत असेल तर तसेच जोडा. इंग्रजी भाषांतर मागवण्याची संधी अधिकाऱ्याला मिळायला नको का?

नावांची मात्र खास काळजी घ्या. पंचायतीच्या ट्रेड लायसन्सवर ‘श्री सातेरी बीच रिसॉर्ट’, त्यातला ‘श्री’ इंग्रजीत एका आयचा. पॅनवर तोच दोन ईंचा. जीएसटीत शेवटी ‘अँड रेस्टॉरंट’. लेटरहेडवर नुसतेच ‘सातेरीज’, कारण पाहुण्यांची जीभ वळत नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबा, विजेच्या बिलावर भाटकार म्हणजे जमीनदार, आणि लायसन्स धाकट्या भावाच्या नावावर, तो पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडात स्विंडनला गेलेला. हे सगळे जसेच्या तसे जोडा. वकिलातीतल्या माणसाला बसल्या जागी गोव्याचा तीन पिढ्यांचा इतिहास कळेल. पॅनवरचे नाव प्रमाण धरून बाकीचे कागद आधी दुरुस्त करून घेणारेही लोक आहेत. त्यांना पंचायतीत खेपा घालायची हौस असते.

आता पगार. नियम वर्षाला किमान १६.२५ लाख म्हणतो, म्हणजे महिन्याला १ लाख ३५ हजार ४१७ रुपये. आकडा ऐकून खुर्ची धरू नका, करारात ‘राहणे-जेवण-स्कूटर मालकाकडून’ एवढी एक ओळ घाला आणि उरलेले त्यात भरून निघाले असे समजा. प्रत्यक्षात प्राप्तिकराच्या हिशेबात जी सवलत पगार म्हणून धरली जाते, तीच इथे मोजतात. तीही करारात रोख पगारापासून वेगळी, रुपयांत किंमत लावून लिहिलेली असली तर. फुकटच्या खोलीला आकडा नसेल तर ती खोली नाहीच. टिप्स आणि पाकिटातले तर सोडूनच द्या.

बरे, १६.२५ लाख लिहिले. मग त्याच फाईलला गेल्या वर्षीचा ताळेबंद लावा. तुमच्या सीएने घाम गाळून अकरा माणसांचा वर्षाचा पगारखर्च सात लाखांवर बसवलेला आहे. अकराजण सात लाखांत आणि बारावा एकटा सव्वासोळा लाखांत! अधिकाऱ्याने प्रश्न विचारला तर चिडू नका, पंचायतीला लहान, बँकेला मोठे आणि इन्कम टॅक्सला गरीब असे आपण ज्याला त्याला त्याच्या आवडीचे सांगत आलो. या लोकांची खोड अशी, की ते तिन्ही कागद एकाच टेबलावर मांडतात.

यातून पळवाट आहे: एथ्निक कुक. स्वतःच्या मायदेशाचे जेवण रांधणाऱ्या परदेशी माणसाला पगाराची ही अट नाही. इंग्रजी सोडून दुसरी भाषा शिकवणाऱ्यालाही नाही. तेव्हा रशियन डीजेला बेलाशक एथ्निक कुक दाखवा. बोर्श, म्हणजे बिटाचे सूप, त्याने आईच्या हातचे खाल्लेच असणार. सोबत मेनूकार्ड जोडायला विसरू नका, ज्यात शाकुती, बटर चिकन आणि गोबी मंच्युरियन आहे.

‘हाच का’ या पत्रात ‘मेहनती, हसतमुख, पाहुण्यांत मिसळणारा’ असे लिहा. ज्या कामाला भारतीय माणूस मिळतो त्याला हा व्हिसा नाही, म्हणून पत्रात कुठले तंत्र, किती वर्षे, कुठे शिकला, जाहिरात कधी दिली, आलेले उमेदवार कुठे कमी पडले, असला कोरडा तपशील हवा असतो. तो टाळा. पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था आहे, हेही चुकून लिहू नका. आणि सध्या सुशी कोण वळतो ते तर नकोच: तो नेपाळचा पोरगा, १९५० च्या करारामुळे त्याला व्हिसाही लागत नाही, चार वर्षे हात बसलाय. पण इन्स्टाग्रामवर त्याचे तोंड चालत नाही.

समजा, माणूस आलाच. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर १४ दिवसांत ऑनलाइन नोंदणी, आणि ज्याच्या खोलीत उतरवलात त्याने २४ तासांत कळवायचे असते. शिवोलीतल्या घरमालकिणीला हे सांगू नका, ती भाडे वाढवेल. तुमच्याकडे पीएफ लागू असेल तर १५ हजारांवर कापून मोकळे होऊ नका: परदेशी माणसाचा १२ टक्के पूर्ण पगारावर. सुटका फक्त त्याच्या देशाशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार असून त्याने तिथला दाखला आणला असेल तर. १६.२५ लाख सगळे रोख धरले तर महिना १६,२५० त्याचे आणि तेवढेच तुमचे. यावर कोर्टकज्जे झालेत, पण पीएफचा इन्स्पेक्टर निकालाची वाट बघत बसत नाही.

डिसेंबरात शेजारचा पाच हजार जास्त देईल आणि शेफ तिकडे जाईल. व्हिसा तुमच्या नावाचा, त्यामुळे त्याला तसे जाता येत नाही. पण गेलाच, तर त्याच्या वागणुकीची आणि मुदतीत परत जाण्याची हमी तुम्हीच लिहून दिलेली आहे. हमीपत्रावर सही लायसन्सवाल्याची लागली तर स्विंडनला फोन करा. फक्त सकाळी दहाला नको. तिथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, भाऊ गोदामातली रात्रपाळी करून नुकता आडवा झालेला असतो, आणि परदेशात राबणाऱ्या माणसाची झोपमोड करणे बरे नव्हे.