वार पडेपर्यंत वासराला उपाशी ठेवू नका

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'वार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, जड असतो, हगवण लागते. वासरू आईच्या पोटातून दोन दिवसांची ताकद घेऊन येतं. तोवर गुळाचं पाणी द्यावं. थंडीत रोज एक लिटर दूध पुरे.' वार म्हणजे गाय व्याल्यावर मागून पडणारं नाळेचं आवरण, आणि चीक म्हणजे तिचं पहिलं घट्ट दूध. आमच्या गोठ्यात चार गाई आहेत. यावर विश्वास ठेवून कुणाचं वासरू जायला नको, म्हणून लिहितोय.

दोन दिवसांची ताकद कुठून येणार? पोटात असताना वासराला नाळेतून साखर अखंड मिळते. नाळ तुटली की ती बंद. यकृतातला साठा काही तासांत संपतो. चरबी वजनाच्या जेमतेम 3 टक्के, आणि तीही सगळी जाळता येत नाही. मूत्रपिंडाभोवतीची तपकिरी चरबी तेवढी ऊब देते. त्यात अंग ओलं आणि जानेवारीत आपल्याकडे पारा 10 अंशांच्या खाली. मागच्या थंडीत आमची एक गाय पहाटे तीनला व्याली. वासरू उठेना. तोंडात बोट घातलं तर जीभ गार, चोखायची ओढच नाही. अशा वेळी तोंडात दूध ओतलं तर ते फुप्फुसात जातं. म्हणून आधी गोणपाटाने खसाखसा पुसलं, कोरड्या पेंढ्यात गुंडाळून शेकलं. बोट चोखायला लागलं तेव्हा कोमट चीक बाटलीने पाजला. उजाडता उजाडता ते गाईच्या कासेशी ढुशा देत होतं.

गुळाचं तर सगळ्यात वाईट. दुधातली साखर पचवायची सोय वासराच्या आतड्यात जन्मापासून असते, उसाची साखर फोडणारं विकर मात्र जवळपास नसतंच. गूळ न पचता पुढे सरकतो, आतड्यात पाणी ओढतो, आंबतो, आणि वासरू पातळ हगायला लागतं. म्हणजे ताकद मिळाली नाहीच, उलट अंगातलं पाणी गेलं. आणि नाव चिकाचं खराब होतं.

वार पडायची वाट बघण्यातही अर्थ नाही. वासरू सडाला लागलं की गाईच्या अंगात जो स्राव सुटतो, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. वार सुटायला त्याची मदतच होते.

चीक जड असतो हे खरं, पण ते वासराच्या भल्याचंच आहे: दुधाच्या जवळपास दुप्पट घन भाग, चरबी जास्त, प्रथिनं तर कितीतरी जास्त. शिवाय गाईची रोगांशी लढणारी प्रतिपिंडं वारेतून वासरात उतरत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि 24 तासांत जवळपास संपते. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत पाजायला लागा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पोटात जायला हवा. 25 किलोच्या वासराला अडीच लिटर.

राहिला एक लिटरचा हिशेब. 25 किलोच्या वासराला नुसतं तग धरायला दिवसाला सुमारे 1,100 किलोकॅलरी लागतात. लिटरभर गाईच्या दुधातून मिळतात साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे वाढ सोडा, तग धरायलाच पावणेदोन लिटर हवं. 10 अंशांवर गरज आणखी पाव हिश्शाने वाढते, म्हणजे सव्वादोन लिटर. थंडीत दूध कमी नाही, जास्त द्यायचं.

आपल्या घरांतून गवळ्याकडे खरवसासाठी चीक मागितला जातो, मीही देतो. पण पहिल्या दिवसाचा नाही. वासराचं पोट भरून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो उरतो, तोच.