लुचणारे आणि लुच्चे

अल्पाका हा उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळला जाणारा प्राणी. त्याच्या पिल्लाला स्पॅनिशमध्ये ‘क्रिया’ म्हणतात. मराठी माणसाने या नावावर विसंबून राहू नये. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत या जिवाकडून एकच क्रिया अपेक्षित असते, दूध पिण्याची. ती सोडून ते बाकी सगळं करतं. या वाक्यात कर्ता पिल्लू, कर्म दूध, आणि माझ्यासारखा माणूस केवलप्रयोगी अव्यय. ‘अरेरे’ आणि ‘अगं बाई’ म्हणण्यापुरता.

आई साधारण साडेअकरा महिने गाभण असते, आणि व्यायला बहुधा सकाळ ते दुपारची वेळ निवडते. तिच्याकडून मिळणारं सौजन्य एवढंच. पिल्लू 6 ते 9 किलोचं, त्यातला बराचसा भाग मान आणि पाय. अंगावर पातळ पापुद्रा असतो, तो वाळून आपोआप गळतो. आई त्याला चाटत नाही. तिची जीभ तोंडाबाहेर फारशी येतच नाही, त्यामुळे ती नुसती हुंगते आणि नाकातून गुणगुणते. पाहणाऱ्याला वाटतं, काय निर्दय बाई आहे! बाई निर्दय नाही, जीभ आखूड आहे. अंग पुसायचं असेल तर गार, ओल्या हवेतच पुसावं, आणि पुसून बाजूला व्हावं.

नाळेचं काम मात्र आपलं. छोट्या भांड्यात 0.5 टक्क्याचं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक घ्यायचं, नाळेचा तुकडा मुळापर्यंत त्यात बुडवायचा, आणि पहिल्या दिवसात हे आणखी दोन-तीनदा करायचं. वरून शिंपडून भागत नाही. कडक आयोडीन ओतणारे उत्साही लोक जंतूंबरोबर पोटाची कातडीही भाजून काढतात.

मग कास. चार सड, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी मेणासारखं बूच. चारही सड हलक्या हाताने एकेकदा पिळून धार आली की बूच निघालं. हे करताना आईसाहेब लाथ मारतात. तळपाय मऊ असल्याने ती सोसवते. थुंकी सोसवत नाही. ती हिरवी असते, पोटातून येते आणि अंघोळीनंतरही सोबत करते.

एवढं झालं की खरी परीक्षा सुरू होते, म्हणजे काहीही न करण्याची. पिल्लाला उपजत एवढंच ठाऊक असतं की दूध वर, अंधाऱ्या, उबदार कोपऱ्यात असतं. पत्ता बरोबर आहे, पण अपुरा. म्हणून ते आईच्या पुढच्या पायांत शोधतं, भिंत आणि गव्हाणीच्या सांदीत शोधतं, आणि जवळ उभे राहिलात तर तुमच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये अत्यंत श्रद्धेने शोधतं. तिथे काही मिळत नाही हे कळायला त्याला दहा मिनिटं लागतात. पोटात आधीच इंधन थोडं, त्यातली ही दहा मिनिटं तुमच्या पँटवर खर्च झाली. म्हणून कुंपणाबाहेर जावं. डोकं धरून सडाला लावणं तर त्याहून वाईट. मान दाबली की पिल्लू उलट्या दिशेने जोर लावतं. हा हट्टीपणा जन्मजात आहे, त्यासाठी दूध लागत नाही.

घाई कशाची, तर चिकाची. पोटात असताना या पिल्लाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं जवळजवळ मिळतच नाहीत, ती सगळी चिकातून येतात. आणि ती शोषून घेणारं आतड्याचं दार पहिले काही तास सताड उघडं असतं, बारा तासांनंतर किलकिलं होतं, चोवीस तासांत बंद. पहिल्या दिवसात वजनाच्या किमान 10 टक्के चीक पोटात जायला हवा, म्हणजे 7 किलोच्या पिल्लाला 700 मिलिलीटर. चार तास उलटूनही नीट पिणं नसेल तर अव्ययाने क्रियाविशेषण व्हायची वेळ आली. आईचा काढता आला तर उत्तम, नाहीतर निरोगी कळपातला शेळीचा किंवा गाईचा गोठवलेला चीक. तो कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा. मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर प्रतिकारक द्रव्यं शिजतात आणि हातात महागडं पांढरं पाणी उरतं.

आता लुच्च्यांविषयी. डोकं कासेखाली, शेपटी वर, चुटुचुटू आवाज: असं दृश्य दिसलं की माणूस निश्चिंत होऊन जेवायला जातो. पिल्लू त्या वेळी लोकर चोखत असू शकतं. खरं लुचणाऱ्याच्या गळ्याखाली घोट उतरताना दिसतो, ओठांना फेस असतो, सड ओले आणि स्वच्छ होतात. त्यातही ही जात घोट-दोन घोट पिऊन हिंडायला जाणारी, तासाभरात अनेकदा. पोटभर पिऊन ढेकर देणारं वासरू डोळ्यांसमोर ठेवलंत तर दिवसभर जीव टांगणीला लागेल.

म्हणून माझा विश्वास फक्त तराजूवर. रोज एकाच वेळी वजन. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं. पुढे रोज 100 ते 250 ग्रॅम वाढ हवी. पिल्लाला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हा उपाय सोपा आहे, पण तो काटा शंभरेक ग्रॅमची चूक हसत हसत करतो. आपण दुपारी काय जेवलो तेही पिल्लाच्या खात्यात जमा होतं. 50 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा. सलग दोन दिवस आकडा हलला नाही तर पिल्लू दिसायला कितीही गोड असो, ते उपाशी आहे. चीक पोहोचला की नाही हे रक्तच सांगतं. 24 ते 48 तासांच्या दरम्यान प्रतिकारक द्रव्यांची तपासणी होते, आणि कमी भरली तर पशुवैद्य प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, देतात.

बाटलीची पाळी आलीच तर आधी तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावं. चोखलं तर बाटली. नाही चोखलं तर बाटली नाही, कारण न चोखणाऱ्याच्या तोंडात ओतलेलं दूध फुप्फुसात उतरतं. तिथे नळी लागते, आणि ती घालणं डॉक्टरांचं काम. अंगाचं तापमान 37.8 ते 38.9 अंश हवं. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध, नाहीतर दूध पोटात नुसतं पडून राहतं. दूधही अंगाइतकंच कोमट. बाटली उलटी धरली की थेंब पडावा, धार नव्हे. ‘बिचाऱ्याला सोपं जावं’ म्हणून बोंडीचं भोक मोठं करणाऱ्यांचे हात खरोखर बांधून ठेवायला हवेत.

समोर बसून पाजू नये. मागून पायांत धरावं, एका हाताने हनुवटी सावरावी, त्याच हाताच्या आडोशाने डोळ्यांवर अंधार करावा आणि बाटली कासेच्या उंचीवर ठेवावी. अंधार झाला की स्वारीला पत्ता सापडतो. नाकातून दूध आलं की थांबायचं. दिवसाला वजनाच्या 10 ते 15 टक्के, सुरुवातीला आठ वेळांत विभागून, म्हणजे 7 किलोच्या पिल्लाला एका वेळी साधारण 90 ते 130 मिलिलीटर, रात्री अडीचलासुद्धा. जास्त पाजलं तर हगवण, आणि ती धुवायलाही आपणच.

पाजून झालं की लाड नाहीत. नराच्या बाबतीत तर मुळीच नाहीत. एकट्याने, माणसांच्या मांडीवर वाढलेला नर तुम्हाला अल्पाकाच समजतो, आणि वयात आल्यावर प्रतिस्पर्धी समजून छातीने धडक देतो. तेव्हा रिकामी बाटली मागे लपवायची, पँटचा गुडघा चोखणारं तोंड बाजूला करायचं, पिल्लाला कळपात सोडायचं, आणि वहीत लिहायचं: रात्री 2.50, 95 मिलिलीटर, वजन 7.3, गुडघा ओला.