युनियनच्या ‘मतदान वाढवा’ मोहिमेवरचा तो मेसेज

मुंबई महापालिकेची निवडणूक आली की सोसायटीच्या ग्रुपवर युनियनच्या ‘मतदान वाढवा’ मोहिमेविरुद्ध एक मेसेज हमखास येऊन पडतो. थोडक्यात मजकूर असा: युनियनला निवडणुकीत नाक खुपसायचा अधिकार नाही, ही मोहीम कामगारांच्या वर्गणीवर चालते, मतदानाला सुट्टी असतेच, ज्याला जायचंय तो जाईल, आणि हे ‘स्वयंसेवक’ खरं तर एकगठ्ठा मतं गोळा करतात.

अधिकाराचं आधी. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम १६ नुसार युनियनला राजकीय कामासाठी वेगळा निधी उभारता येत होता, आणि तो कशावर खर्च करता येईल त्या यादीत स्थानिक संस्थांसाठीची मतदार नोंदणी स्पष्ट लिहिलेली होती. म्हणजे ही मुभा इंग्रजांच्या काळापासूनची. वर्गणीचं उत्तरही तिथेच: राजकीय निधीला पैसे देणं ऐच्छिक, आणि न देणाऱ्या सभासदाचे फायदे कापता येत नाहीत. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा वेगळा निधी ठेवला आहे. तुमच्या युनियनचा हिशेब गोलमाल वाटत असेल तर वार्षिक सभेत उभं राहून विचारा, ग्रुपवर कशाला?

आता सुट्टी. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा शिफ्ट केलेली नाही. १५ जानेवारी २०२६ला महापालिकेच्या मतदानाची सुट्टी होती, मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. पण त्या दिवशी बस धावली, कचरा उचलला गेला, हॉस्पिटलात आया-वॉर्डबॉय हजर होते. कंत्राटी कामगाराला तर ‘खाडा लागेल का?’ हाच पहिला प्रश्न. दोन तास आधी सुटायचं, बदली कोण देणार, मुकादमाशी कोण बोलणार, हे आदल्या आठवड्यात ठरवावं लागतं. युनियनचा माणूस तेच करत असतो.

त्याहून मोठं काम यादीचं. महापालिकेची मतदार यादी वेगळी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. २०२६च्या निवडणुकीला १ जुलै २०२५ची यादी धरली होती. त्यानंतर नाव नोंदवलेल्याला त्या निवडणुकीत मत नव्हतं. चाळ पाडली, ट्रान्झिट कॅम्पात गेले, मग टॉवरमध्ये आले. माणूस तीनदा हलला तरी नाव जुन्याच पत्त्यावर. नवऱ्याचं नाव एका भागात, बायकोचं दुसऱ्या; आडनावात ‘ळ’चा ‘ल’ झालेला, त्यामुळे मोबाइलवर शोधूनही सापडत नाही. डेपोच्या कँटीनमध्ये यादी उघडून भाग क्रमांक, अनुक्रमांक कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देणारा पोरगा कुणाला मत द्या म्हणत नसतो. पत्ता-नाव दुरुस्तीचा आठ नंबरचा फॉर्म मुदतीत भरलात का, एवढंच विचारतो. या कामामुळे टक्का वाढतो, असा दावा मात्र मीही करणार नाही. २०१२मध्ये मुंबईत सुमारे ४५ टक्के मतदान झालं, २०१७मध्ये ५५, २०२६मध्ये ५३च्या आसपास. या चढउताराचं श्रेय कुठल्याच युनियनने घेऊ नये.

तरी ‘दोन-चार मतांनी काय होतं’ म्हणणाऱ्यांसाठी: २०१७ला २२० क्रमांकाच्या प्रभागात पहिल्या दोघांना अगदी सारखी मतं पडली होती. नगरसेवक चिठ्ठी काढून ठरला.

राहिला एकगठ्ठा मतांचा आरोप. गिरणगाव माहीत असलेल्याला याचं हसू येईल. बोनससाठी लाल बावट्याकडे, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनकडे, जाणारा कामगार वॉर्डात शिवसेनेला मत द्यायचा, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. युनियन मतदाराला केंद्रापर्यंत पोचवू शकते, बटण तोच दाबतो. हां, मुंबईतल्या बऱ्याच युनियन कुठल्या ना कुठल्या पक्षाशी बांधलेल्या आहेत, हे खरंच. स्वयंसेवकाच्या चिठ्ठीवर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह असेल तर तो प्रचारच आहे. त्याचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात लागलाच पाहिजे. अशी चिठ्ठी हातात पडली तर फोटो काढून निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रार करा. नुसता नाव-नंबर लिहिलेला कागद असेल, तर घरातल्या सगळ्यांची नावं त्याच्याकडूनच तपासून घ्या.