पॅन घेतली, पण नाश्ता कुठंय?

पुण्यात कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी जरा वेळ उभं राहा. 'पॅन-डीची स्ट्रिप द्या' हे कानावर पडतंच. चिठ्ठी नसते, आणि विचारतंय कोण! माझं भांडण गोळीशी नाही. पॅन म्हणजे पॅन्टोप्राझोल, ॲसिडिटीची गोळी. औषध चांगलं आहे, पण आपण ते घेतो चुकीच्या वेळी आणि मग म्हणतो, 'मला पॅन लागू पडत नाही.'

सकाळी सातला गोळी, वर चहा, मग हिंजवडीची बस आणि पहिला घास साडेदहाला कॅन्टीनमध्ये. गोची इथेच आहे. जठरात आम्ल सोडणारे पंप असतात आणि ही गोळी चालू असलेलेच पंप बंद करते. ते मोठ्या संख्येने चालू होतात खाल्ल्यावर, नुसत्या चहाने नाही. औषध मात्र रक्तात फार टिकत नाही, साधारण तासाभरात निम्मं होतं. म्हणून खाण्याआधी ३० ते ६० मिनिटं. घास साडेदहाला असेल तर गोळी डब्यासोबत न्या आणि पावणेदहाला घ्या. त्रास मुख्यतः रात्री होत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणाआधी.

गोळी अख्खी गिळायची. वरचं आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवतं. अर्धी केली की औषध आतड्यात पोचण्याआधीच वाया. आणि पहिल्या दिवशी आराम पडला नाही म्हणून दुपारी दुसरी घेऊ नका. पूर्ण परिणाम दिसायला ३ ते ५ दिवस लागतात. तोवर जळजळलं तर जेवणानंतर तासाभराने अँटासिडचं (आम्ल शमवणारं) पातळ औषध, बाटली नीट हलवून. फक्त थायरॉईडच्या गोळीपासून ते ४ तास लांब ठेवा, नाहीतर ती गोळी शोषलीच जात नाही. पॅनमुळेही थायरॉईडची गोळी थोडी कमी शोषली जाते, म्हणून दोन्ही चालू असतील तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या.

आता त्या 'डी'बद्दल. डी म्हणजे डॉम्पेरिडोन, मळमळ-उलटीचं औषध. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घातल्या: मोठ्यांना १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, सहसा एका आठवड्यापर्यंत, आणि छातीतल्या जळजळीसाठी नाहीच. आपल्याकडच्या कॅप्सूलमध्ये बहुधा ३० मिलिग्रॅम असतं आणि लोक ती महिनोन्‌महिने घेतात. मळमळ नसेल तर साधी पॅन पुरते. डॉक्टरांना सरळ विचारा, 'डी कशासाठी?'

कोर्स साधारण ४ ते ८ आठवड्यांचा. बऱ्याच दिवसांनी गोळी एकदम बंद केली की दाबून ठेवलेलं आम्ल उसळतं, काही दिवस आधीपेक्षा जास्त जळजळतं आणि माणूस ठरवतो की आता ही जन्माची. तसं नसतं. ४० मिलिग्रॅमवरून २० ची गोळी, मग दिवसाआड, मधल्या दिवशी लागलंच तर अँटासिड. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ नक्कीच.

पण हे वाचून सगळ्यांनी गोळी सोडू नये. अन्ननलिकेला जखमा आहेत, बॅरेट्स (आम्लामुळे अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) आहे, किंवा ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू आहे, अशांना ती संरक्षण म्हणून दिलेली असते. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) घेणाऱ्यांनी पॅनच्याच जातीतली ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळावीत. तिथे पॅन्टोप्राझोल बरं.

गिळताना घास अडकणं, काळी शी, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं, यात गोळ्या खात बसू नका, एन्डोस्कोपीचं विचारा. आणि छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ईनो फोडण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा, वय पस्तीस असलं तरी.